सोन्याचं पाणी आणि नीलाबाईची जबान

अहमदपूरच्या बाजारपेठेत मध्यंतरी एक कुजबुज फार रंगली होती. नागप्पा भांडेवाल्यानं म्हणे बायकोला सोन्याचं पाणी पाजलं आणि तिची वाचा बसवली. कुणी सांगे, तिच्याच पाटल्या वितळवल्या. कुणी सांगे, नांदेडहून बाटली आणली, लालभडक, अंबाडीच्या सरबतासारखी. शेजारच्या शरणम्मानं तर त्या बाटलीचं बूचसुद्धा पाहिलं होतं. शरणम्मा न पाहिलेल्या गोष्टी फार बारकाईनं पाहते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी तिच्याकडं चहाला बसून सगळी गल्ली ते बूच पुन्हा पुन्हा ऐकून आली. आणि चहा संपता संपता कुणीतरी म्हणेच, "जल्मभर त्या बाईचं ऐकून राहिला बिचारा. दुसरं काय करंल?"

हा शेवटचा टोमणा नीट कळायला ते जोडपं ठाऊक असावं लागतं. दुकान स्टील-पितळेच्या भांड्यांचं आणि नागप्पाचं, पण त्यातला खणखणाट नीलाबाईचा. नागप्पा कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून गल्ल्यामागं असा बसे की नवं गिऱ्हाईक आधी हात जोडी आणि मग भाव विचारी. भाव विचारला की नागप्पा मान वळवून आतल्या दाराकडं बघे. तिथून आवाज येई.

"कोन हाय? हाडोळतीची का? लेकीचं लगीन हाय म्हनं! मंग एकच कळशी का घेऊन राहिलीस? तिची सासू काय कळशी बगून गप बसनार हाय व्हय? दोन ने. आन् परात दाखवा हो तिला, वरची न्हाई, खालची!"

बाई हसत हसत दोन कळश्या आणि परात घेऊन जाई. मग नागप्पाचं आवडीचं काम निघे: नाव घालायचं मशीन टरटर चालवत तो भांड्याच्या काठावर अक्षरं उमटवी. लग्नाच्या मांडवात हजार भांडी एकत्र झाली तरी आपलं आपण ओळखून घ्यावं, ही त्या अक्षरांची किमया. त्याच्या वाटणीची जीभही देवानं नीलाबाईलाच दिली, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तो मान डोलवी. त्याला ते खोटं वाटत नव्हतं. मालाचा भाव, पाहुण्याची विचारपूस, भांडण, समजूत, सगळं तिच्या तोंडून होई, आणि ती माहेरी गेली की नागप्पा दुकानाचं अर्धं शटर ओढून बसे.

तर त्या जिभेच्या उजव्या कडेला एक पांढरा चट्टा उठला. नीलाबाईला मिसरीचा नाद. सकाळी भाजलेल्या तंबाखूची पूड दातांवर घोळवल्याशिवाय तिचं बोलणं सुरू होत नसे, आणि दिवसातून आणखी किती वेळा घोळवी ते तिलाच ठाऊक. चट्ट्याचा पुढं फोड झाला, फोडाची जखम. तिखट सोसेना. गावातल्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "लातूरला न्या. कडेचा एवढासा तुकडा काढून तपासतील. लांबवू नका."

तुकडा हा शब्द नागप्पाला सोसेना. त्याच्या धंद्यात एक रीत होती. पितळ खरं की वरून मुलामा, हे बघायला काही गिऱ्हाइकं भांड्याचा तळ किल्लीनं खरवडू बघत. एवढ्या एकाच गोष्टीवर हा मुका माणूस ओरडे. "ठोका, वाजवा, उनात धरून बगा. खरवडायचं न्हाई! खरवडलं की भांडं गेलं." त्यात त्याच्या चुलतभावाची, शिवशंकरची गोष्ट ताजी होती. त्याच्या गालातला तुकडा काढला आणि त्यानं पुढची दिवाळी पाहिली नाही. शिवशंकर दवाखान्यात पोचला तेव्हाच त्याच्या गालाला भोक पडलेलं होतं, ही गोष्ट नागप्पा विसरला. ध्यानात राहिलं ते डॉक्टरच्या हत्याराचं लोखंड. लोखंड लागलं की गाठ खवळते, एवढं त्यानं मनाशी धरलं.

नेमकी त्याच दिवसांत त्याची पुतणी मंजुश्री घरी आली. ही उदगीरच्या थोरल्या भावाची मुलगी. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती, आणि लग्नाचं वय उलटून चाललं म्हणून शरणम्माच्या यादीत वरच्या नंबरावर होती. काय करतेस म्हणून काकूनं विचारलं तर पोरीनं तिला समजेल असं सांगितलं. सोन्याचे कण बनवते, इतके बारीक की पाण्यात टाकले तर पाणी नुसतं लाल दिसतं, कण दिसत नाहीत. त्या कणावर एक रंगद्रव्य बसवते आणि एक आकडी बसवते. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन जास्त असतं, आकडी त्यालाच जाऊन अडकते. मग लेझरचा उजेड टाकला की रंगद्रव्यावरून परतणारा उजेड पडद्यावर उंच-सखल रेघ काढतो. ती रेघ त्या रंगद्रव्याची, दुसऱ्या कशाची तशी येत नाही.

"म्हंजी नाव घातलं की," नागप्पा एकदम म्हणाला. घरात सगळे चमकून बघायला लागले, कारण तो आपणहून बोलला होता. "पेशीवर नाव घातलं. उजेड नाव वाचतो."

"हाव काका! अगदी तसंच."

"आन् कापायचं?"

"पेशी तर लागतात ना. पन नुसता ब्रश फिरवला तरी मिळतात."

तिथून नागप्पाला दुसरं काही सुचेना. न कापता, न खरवडता, उजेडात धरून बघायचं! मंजुश्रीनं हात जोडून सांगितलं की हे अजून शिकण्याच्या पायरीवर आहे, ठरलेल्या नमुन्यांवर चालतं, ह्यावरून कुणाला रोग आहे की नाही असं सांगायची परवानगी नाही आणि तशी खात्रीही नाही. "काका, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बगितल्याबिगर कोनीच सांगू शकत न्हाई. लातूरला जा."

नागप्पानं सगळं ऐकलं आणि त्यातलं लातूर तेवढं सोडून दिलं. अहमदपूरच्या स्टँडवर एकीकडं लातूरची गाडी लागते, दुसरीकडं नांदेडची. हा दर दोन-चार दिवसांनी नांदेडच्या गाडीत बसे, लोह्यावरून धूळ खात प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन उभा राही. पायऱ्यांवर बसे, कुणी हटकलं तर उठून उभा राही, पुन्हा बसे. नीलाबाई सोबत नसताना त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो नुसता पोरीच्या तोंडाकडं बघे. एकदा मंजुश्री डबा घेऊन त्याच्याशेजारी बसली, तेव्हा त्यानं भाकरीचा घास हातात धरला आणि त्याला रडू कोसळलं. पन्नाशी उलटलेला, विभूती लावलेला माणूस भर दुपारी पायरीवर बसून हुंदके देतो आहे, हे बघायला शिपाईसुद्धा थांबला.

"तिचं तोंड बंद झालं तर मी काय करू गं? मला दुकानात बसता बी येत न्हाई."

पोरगी विरघळली. तिनं करू नये ते करायचं कबूल केलं. पण आधी काकाचा हात धरून त्याच्याच छातीवर, सदऱ्याआडच्या इष्टलिंगावर ठेवला.

"शपथ घ्या. उजेड काय बी म्हनो, आठ दिवसांत काकूला लातूरला नेनार."

"नेनार," नागप्पा म्हणाला. लिंगायताच्या घरात ह्या शपथेपुढं शपथ नाही. त्यानं ती खोटी घेतली नव्हती. मोडली, ती गोष्ट पुढची.

ठरल्या दिवशी नीलाबाई इरकल नेसून, अंबाडा घट्ट बांधून लग्नाला निघाल्यासारखी निघाली. जायच्या आधी गल्लीभर सांगून झालं होतं. "माज्यासाटी सोन्याचं पानी केलंय नांदेडला, शरणम्मा. तुज्या दुखन्याला कधी कुनी पितळेचं तरी केलं का?" गाडीत तिनं कंडक्टरला त्याच्या सासरवाडीचं गाव विचारलं आणि लोहा येईपर्यंत त्याच्या मेव्हणीसाठी एक स्थळही सुचवलं. नागप्पा खिडकीतून बाहेर बघत आतल्या आत जप करत होता.

प्रयोगशाळेच्या दाराशी त्याच्यानं राहवलं नाही. खिशातली विभूतीची वडी काढून त्यानं चिमूटभर चुरली. रोज पूजेनंतर चिमूटभर जिभेवर ठेवायची घरची रीतच होती. आज सकाळी ती झालीही होती. पण आजचा दिवस रोजचा नव्हता. "तोंड उघड," तो म्हणाला. आणि नेमकी त्या जखमेवर, बोटानं दाबून, विभूती भरली. नीलाबाई कळवळली, पण देवाचं म्हणून गप बसली.

आत मंजुश्रीनं ब्रश फिरवला, तो द्रवात बुडवला. आपल्या लाल पाण्यातलं थोडं त्यात सोडलं. नळी उजेडात धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. लाल पाणी जांभळं होत होतं. जांभळ्याचं निळं झालं. मग नळीत शाई खळबळून टाकल्यासारखं निळं-काळं. लेझर लावला तर पडद्यावर कुठल्याही पेशीचं नाव वाचता येईना. सगळीकडं गोंधळ, आणि मध्येच एक आडदांड टोक, जे तिच्या रंगद्रव्याचं नव्हतंच.

"काकू, तोंडात काय घातलंतं?"

"काय न्हाई गं. ह्यांनी विभूती लावली तेवढी."

मंजुश्रीनं डोकं धरलं. राखेतल्या क्षारांनी सोन्याचे कण एकमेकांना चिकटले होते. सुटे असले की लाल दिसतात, गोळा झाले की निळे. तिनं हे नीट समजावलं. "काका, ह्याचा अर्थ काहीच न्हाई. हे वाचता येत न्हाई. आहे म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई. तोंड स्वच्छ न धुता मीच नमुना घेतला, माजी चूक. आता लातूर."

पण नागप्पाचे डोळे त्या नळीवर खिळले होते. जन्मभर शंकराची पूजा केलेल्या माणसाला गळ्यात विष धरणारा देव कुठल्या रंगाचा असतो ते कुणी शिकवायला लागत नाही. त्याची विभूती, त्याच्या हातानं लावलेली, आणि ती लागताच लालाचं निळं झालं! पुतणी क्षार म्हणत होती, तो हात जोडून उभा होता. बायकोचं विष नीलकंठानं ओढून घेतलं, आणि कुठं, तर परक्याच्या काचेत, सगळ्यांच्या देखत.

त्यानं येताना पेढे आणले. गल्लीत वाटताना तो बोलला, चक्क बोलला. "देवानं घेतलं. निळं झालं." शरणम्मानं दोन पेढे घेतले आणि निळं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवसापासून लोकांना समजावून सांगायला सुरुवात केली.

शपथेचे आठ दिवस गेले. मंजुश्रीचा फोन आला की नागप्पा "हाव, हाव, जाऊन राहिलो" म्हणे आणि फोन ठेवून देई. मग फोन आला की तो बाहेर जाऊन उभा राहायला लागला. नीलाबाईच्या जिभेवर रोज दोनदा विभूती चढत होती. जखम वाढत होती. आधी भाकरी सुटली, मग भात, मग ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज गाळून. कान ठणकायला लागला. गळ्याखाली एक गाठ हाताला लागली, ती नागप्पानं पाहिली आणि पदर सारखा करून झाकली.

सगळ्यात वाईट दुकानात झालं. एक गिऱ्हाईक पातेल्याचा भाव विचारत होतं. नागप्पानं सवयीनं आतल्या दाराकडं बघितलं. आतून आवाज आला, पण शब्द जाड, लाळेत बुडालेले. गिऱ्हाइकानं विचारलं, "काय म्हन्ल्या?" पुन्हा आवाज आला. तोही कळला नाही. तिसऱ्यांदा आवाज आलाच नाही. गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं, "मावशी झोपेत हायत वाटतं," आणि पातेलं ठेवून निघून गेलं. नागप्पा आत गेला. नीलाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उंबऱ्यातच थांबला.

"लातूर," ती म्हणाली. एवढा शब्द स्वच्छ आला.

"आधी नांदेडला दाखवू. एकदाच. परत निळं झालं तर..."

तिनं वाद घातला नाही. नीलाबाई वाद घालत नाही, ह्यापेक्षा मोठी धोक्याची घंटा त्या घरात वाजू शकत नव्हती. पण नागप्पाला ती ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी समोर उभी असताना त्यानं तिला हाताला धरून नांदेडच्या गाडीत चढवलं. ह्या वेळी कंडक्टरला कुणी काही विचारलं नाही.

काकूचा चेहरा बघूनच मंजुश्रीला तपासायचं काही उरलं नव्हतं. तिनं लातूरला गाडी करते म्हणून सांगितलं. नागप्पा दारात आडवा उभा राहिला. शेवटी, काकानं एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून, तिनं नीलाबाईला चुळा भरायला लावल्या, पुन्हा भरायला लावल्या, तोंड साफ पुसून घेतलं, नमुना धुऊन घेतला आणि त्यात लाल पाणी सोडलं. नागप्पा नळीवर वाकला. ओठ हलत होते. पाणी लालच राहिलं. थांबून, पेशी धुऊन, तिनं त्यांच्यावर लेझर लावला. पडद्यावर टोकं उभी राहिली, एकामागून एक पेशीवर तीच टोकं, तिच्या रंगद्रव्याची, स्पष्ट, शाळेतल्या पोरालाही ओळखू यावीत अशी. मंजुश्रीनं पालथ्या हातानं डोळे पुसले.

"लाल म्हंजी काय?" नागप्पानं विचारलं. "मंजे, लाल म्हंजी काय?"

तिचे सर आवाज ऐकून आत आले, सगळा प्रकार लक्षात आला आणि आधी तिच्यावर खवळले. ते खवळणं तिला पुढं लेखी ताकीद म्हणून भोगावं लागलं. मग ते नागप्पाकडं वळले. "काका, हे यंत्र रोग ठरवायला नाही. पण बाईंच्या गळ्याला गाठ आहे, बोलणं जड आहे. हे कळायला यंत्र कशाला हवं? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

नागप्पाचा हात खिशात गेला. विभूतीची वडी बाहेर आली. चुरताना अर्धी राख फरशीवर सांडली.

"परत टाक की गं," तो म्हणाला. "हे घे. ह्या नळीत टाक. थोडीच. निळं होऊ दे. साहेब, तुमी सांगा की तिला. मी पाया पडतो तुमच्या. एकदा निळं होऊ द्या!"

तो खरंच खाली वाकला. सर मागं सरले. मंजुश्री भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. त्या खोलीत कुणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि ज्या बाईला ते नेहमी सुचे, तिच्या तोंडात जखम होती. तरी तीच बोलली. शब्द तुटत, लाळ पदरानं टिपत, पण बोलली.

"आवं. उठा. पुरे झालं. मी लातूरला चालले. तुमाला यायचं तर या, न्हाईतर दुकान बगा."

तो तिच्या मागोमाग बाहेर पडला. पायऱ्या उतरताना तिनंच त्याला धरलं होतं.

लातूरला तुकडा काढला. अहवाल यायला वेळ लागला आणि आल्यावर वाचायला कुणाला वेळ लागला नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नीलाबाई खाटेवर बसून बोलत होती. दुखत होतं, तरी थांबत नव्हती. कुठल्या गिऱ्हाइकाला कसं बोलायचं, पितळेच्या घागरीचा भाव किती ताणायचा, उदगीरच्या जावेला लग्नात काय आहेर करायचा. नागप्पाला अर्ध्याहून जास्त शब्द कळत नव्हते. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मधेच ती थांबली आणि त्याच्याकडं बघून तिनं विचारलं, "ध्यानात राहिलं का?" तो "हाव" म्हणाला. काय राहिलं, ते सांगायची तिनं सक्ती केली नाही.

पुढं किरणांचा इलाज झाला. नळीनं पोट भरणं झालं. ती घरी आली. आतल्या दारापाशी तिची जागा तशीच आहे; गिऱ्हाईक आलं की ती बोटं दाखवते. नागप्पा भाव स्वतः सांगतो. एकदा सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की पुन्हा तोच भाव सांगतो, आणि पुष्कळशी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात. मंजुश्री सणालाही ह्या घरी येत नाही. कुणी म्हणतं तिनंच तोंड फिरवलं, कुणी म्हणतं नागप्पाच फोन उचलत नाही.

ह्याच सुमाराला शरणम्माला सोन्याचं पाणी आठवलं, आणि कुजबुज उठली. नागप्पाच्या कानावर ती पहिल्याच आठवड्यात आली. त्यानं ती खोडली नाही. कुणी तोंडावर विचारलं तर तो मान डोलवी. लोकांनी त्याचा अर्थ कबुली असा घेतला, आणि नागप्पाला तो अर्थ पुष्कळ सोपा गेला.

खरं आहे ते असं. नीलाबाई सोनं प्यायलेली नाही. सोन्याचे कण काचेच्या नळीत होते आणि नळीतच राहिले. तिच्या जिभेला कॅन्सर होता. लातूरला तिची अर्ध्याहून जास्त जीभ आणि गळ्यातल्या गाठी काढल्या. सुरुवातीला आणलं असतं तर कडेचा भाग काढून भागलं असतं, बोलणं राहिलं असतं, असं डॉक्टरांनी नागप्पाला सांगितलं. उशीर नागप्पानं केला.